सरासरी पाऊस धरून दावण भरू नका

‘दोन वर्षं कमी पडेल, दोन वर्षं जास्त, सरासरी धरून जनावरं ठेवली की जमतं.’ मराठवाड्यात हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. हिशेब म्हणून ठीक, पण माळावर तो चालत नाही.

चांगल्या वर्षाचं जास्तीचं गवत पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहत नाही. कुसळी, पवना ही माळावरची गवतं निसवली, म्हणजे तुरा आला, की त्यांचं काड होतं, त्यातली प्रथिनं घटतात. उलट दुष्काळात बुडापर्यंत चरलेलं गवत मुळातून खचतं आणि पुढचा पाऊस चांगला झाला तरी माळ लगेच भरत नाही. शिवाय सगळेच एकदम विकायला निघाले की बाजारात भाव पडतो, हे 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या घरांना सांगायला नको.

खरं तर अनिश्चितता वाटते तेवढी लांबत नाही. दसऱ्यापर्यंत उगवलं तेच गवत. पुढे जूनपर्यंत त्यात फारशी भर पडत नाही. 400 किलोच्या गाईला दिवसाला साधारण 9 किलो सुका चारा लागतो. दसरा ते जून, अशा 240 दिवसांचे झाले जवळपास 2,200 किलो. माळावरचं निम्मं गवत तसंच सोडायचं, म्हणजे कडबा नसेल तर एका गाईमागे साडेचार टन उभं गवत हवं. एवढं आपल्या गायरानात कुठं असतं?

म्हणून कायमची दावण वाईट वर्षाला पेलेल एवढीच, देवणी किंवा लाल कंधारीच्या निवडक गाईंची. वरचे गोऱ्हे, बोकड पावसाप्रमाणे वाढवा-घटवा. विकायचेच तर दिवाळीआधी, अंगावर मांस असताना.