पूर्वपक्ष

आपला सिद्धांत मांडण्याआधी त्याच्या विरुद्ध बाजूचे मत पूर्ण बळानिशी मांडण्याची भारतीय शास्त्रग्रंथांतील पद्धत. तसेच अशा रीतीने मांडलेले मत. माणसाचे मन खुले असेल की नसेल, हे ही पद्धत त्याच्या स्वभावावर सोडत नाही, नियमात बांधते.

मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ ठरवणाऱ्या शास्त्रात, एका प्रश्नाच्या विचाराला अधिकरण म्हणतात. त्याची पाच अंगे : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. संशय दुसऱ्या क्रमांकावर, पूर्वपक्षाच्याही आधी आहे, हे महत्त्वाचे. दोन्ही बाजू खरोखर संभवत असतील तरच विचाराला तोंड फुटते. नाहीतर अधिकरण उभेच राहत नाही. भाष्यांत पूर्वपक्ष पुष्कळदा 'ननु' या शब्दाने सुरू होतो आणि 'एवं प्राप्ते ब्रूमः' (असे म्हणणे आले असता आम्ही सांगतो) येथून सिद्धांत लागतो. नवखा वाचक इथेच घसरतो : पूर्वपक्षातल्या चार ओळी उचलून त्या भाष्यकाराच्याच नावावर घालतो. पूर्वपक्ष जितका सकस, तितकी ही चूक सहज घडते.

वादसभेचे नियम न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात आहेत. पराभव ठरवणारी 22 निग्रहस्थाने तिथे दिली आहेत. त्यांतले 'अननुभाषण' (5.2.16) नीट पाहावे. वादीने तीनदा सांगितले, सभेला ते कळले, तरीही प्रतिवादीला ते आपल्या तोंडाने पुन्हा सांगता आले नाही, तर तो तिथेच हरला. खंडनापर्यंत गोष्ट जातच नाही. उलट तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवादीला काहीच कळले नाही, तर दोष सांगणाऱ्याचा. त्याला 'अविज्ञातार्थ' म्हणतात.

शब्दावर कोटी करून निसटणे म्हणजे छल. 'नवकंबल', म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला, असे कोणी म्हटले आणि समोरच्याने 'याच्या अंगावर एकच आहे, नऊ कुठे आहेत?' असे विचारले, तर ते वाक्छल. सत्य शोधण्यासाठी केलेल्या वादात त्याला जागा नाही. जिंकण्यासाठी केलेल्या जल्पात ते चालते. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती खोडत राहणे ही वितंडा. मराठीतला 'वितंडवाद' त्यातूनच आला.

पूर्वपक्षाला कोणाला उभे करावे, हेही ठरलेले आहे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात (1.4.28) सांख्यांना (सांख्य दर्शनाच्या अनुयायांना) 'प्रधानमल्ल' मानतात : आखाड्यातला मुख्य पैलवान चीत झाला की बाकीचे झाल्यातच जमा. दुबळा गडी निवडून मिळवलेल्या विजयाला शास्त्रात किंमत नाही.

पद्धतीला मर्यादा आहेत. चार्वाकांचे, म्हणजे वेद आणि परलोक न मानणाऱ्या जडवाद्यांचे, ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले; त्यांचे म्हणणे आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या पूर्वपक्षांतून, विशेषतः 14व्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून कळते आणि त्यावर विरोधकाचा हात फिरलेला आहे. जिथे विरोधकाचे मूळ शब्दच उतरवले गेले, तिथे मात्र वेगळे घडले. मीमांसक कुमारिलभट्टांची 'बृहट्टीका' आज उपलब्ध नाही. तिचे बरेच श्लोक टिकून राहिले ते बौद्ध आचार्य शांतरक्षितांच्या 'तत्त्वसंग्रहा'त. त्यांनी ते खंडनासाठी घेतले होते, पण जसेच्या तसे घेतले होते.