अदृश्य पॅकेटचा पाठ

संगणकांचे जाळे शिकवताना मोठी अडचण येते ती ही की, त्यात जे घडते ते दिसत नाही. एका संगणकाने दुसऱ्याला हाक घालून उत्तर मिळेपर्यंतचा सारा व्यवहार मिलिसेकंदांत उरकतो आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला पडद्यावरची एखादी ओळ येते. सिस्को कंपनीने १९९७ मध्ये सुरू केलेल्या नेटवर्किंग अकॅडमीत वापरले जाणारे ‘पॅकेट ट्रेसर’ हे सॉफ्टवेअर नेमके येथे उपयोगी पडते, कारण त्यात पडद्यावर राउटर (वेगवेगळी जाळी जोडणारे उपकरण) आणि स्विच (एकाच जाळ्यातले संगणक जोडणारे उपकरण) जोडून काळ थांबवता येतो व पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, एकेक टप्पा पुढे सरकवता येते.

समजा, एका संगणकावरून शेजारच्या संगणकाला पिंग केले, म्हणजे तो उत्तर देतो का हे पाहणारा छोटा संदेश पाठवला. पॅकेट थेट निघत नाही. आधी ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ अशी एआरपीची (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याच्या पद्धतीची) विचारणा स्विच इतर सर्व पोर्टवर पाठवतो, बाकीचे संगणक ती टाकून देतात आणि ज्याचा पत्ता असतो तो आपला ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, कळवतो. मध्ये राउटर असला की पहिले पिंग या विचारणेपायी अनेकदा का वाया जाते, हे अशा वेळी तासभराच्या व्याख्यानापेक्षा लवकर उमगते.

अर्थात हे अनुकरण आहे आणि खऱ्या उपकरणावरच्या मोजक्याच आज्ञा त्यात चालतात. स्टॅनफर्डमध्ये घडलेल्या आणि २०१० मध्ये मांडल्या गेलेल्या ‘मिनिनेट’ने दुसरी वाट धरली. तेथे एकाच लॅपटॉपवर लिनक्सचा खरा नेटवर्क कोड अनेक आभासी संगणकांसाठी चालतो. मात्र काळ थांबवता येत नाही आणि प्रोसेसरवर ताण आला की वेळेची मोजमापे बिघडतात. नवशिक्यासाठी मला पहिलीच वाट योग्य वाटते.

पॅकेट ट्रेसरमध्ये शिक्षकाने तयार केलेल्या आदर्श जाळ्याशी तुलना होऊन गुणही आपोआप मिळतात, पण मग विद्यार्थी टक्केवारीच्याच मागे लागण्याचा धोका असतो. त्यापेक्षा मुद्दाम बिघडवलेले जाळे हाती देणे बरे. १९२.१६८.१.१० या संगणकाला २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५५.१२८ हा मास्क (कोणते पत्ते आपल्याच जाळ्यातले हे ठरवणारा आकडा) दिला आणि गेटवे (जाळ्याबाहेर जाण्यासाठीच्या राउटरचा पत्ता) रिकामा ठेवला, तर .२० ला पिंग पोहोचते, पण त्याच स्विचवरच्या .२०० साठी पॅकेट बाहेरच पडत नाही. केबल, स्विच, समोरचा संगणक सारे ठीक असते. मास्कचा शेवटचा आकडा सापडेपर्यंत पत्त्यांची विभागणी विद्यार्थ्याला स्वतःच करून पाहावी लागते.