शिवारफेरी (माती राखण्यासाठी), कोल्हापूर

शिवारफेरी म्हणजे शेतकऱ्याबरोबर त्याच्याच रानात बांधाबांधानं फिरून माती कुठून वाहून जाते, पाणी कुठं तुंबतं, जमीन कुठं घट्ट झालीय हे डोळ्यांनी बघायचं आणि मग काय बदलायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. यात फॉर्म भरणं कमी आणि फावडं मारणं जास्त, निदान तसं असावं.

कोल्हापूर जिल्ह्यात एकच यादी घेऊन फिरून भागत नाही, कारण इथं दोन दुखणी आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. गगनबावड्याकडं वर्षाला ५००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तिथली तांबडी माती उतारानं निघून जाते. तिकडं पूर्वेला शिरोळात पाऊस ५००-६०० मिमी, माती काळी, खोल, ती कुठं जात नाही पण वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी सोडून सोडून जागेवरच मरते.

पश्चिमेला बघायचं ते असं: बांधाला भगदाड, झाडाची उघडी पडलेली मुळं, नाचणीच्या वरकस (उताराच्या हलक्या) रानात पाण्यानं पाडलेल्या बोटभर चऱ्या. उन्हाळ्यात हे नीट कळत नाही, मुसळधार पाऊस चालू असताना इरलं नाहीतर रेनकोट घालून जायचं आणि ओढ्याचं पाणी किती लाल आहे बघायचं. उपाय फार भारी नाहीत, उताराला आडवी पेरणी, बांधावर वाळा, जादा पाणी जायला दगडी सांडवा. समपातळी रेषा काढायला तीन काठ्यांची A आकाराची चौकट आणि वळंबा पुरतो.

पूर्वेला 'रानाला मीठ फुटलंय' असं लोकच सांगतात, पण क्षारपड आणि चोपण यात घोळ होतो. मातीच्या अर्काची क्षारता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की क्षारपड, सामू (pH) ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटून बसलेला सोडियम १५ टक्क्यांच्या पुढं असला की चोपण. जिप्सम (सोडियम हटवणारं खनिज) लागतं ते चोपणला. नुसत्या क्षारपड रानात जिप्समची पोती ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं, आणि निचरा नसेल तर दोन्हीकडं उपयोग शून्य. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करता येतो, पण पाइपातलं पाणी शेवटी ओढ्याला न्यायचं तर मधे चार जणांची रानं असतात, त्यामुळं एकट्याचं काम नाही. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र करून हे सामुदायिक पद्धतीनं केलंय.

मधल्या पट्ट्यात, करवीर-कागलकडं, मुख्य प्रश्न पाचटाचा, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहिलेल्या वाळक्या पाल्याचा. पेटवलं की झालं, असं अजून बरेच जण करतात. तिथं भाषण देऊ नये. पाचट ठेवलेल्या सरीतलं आणि जाळलेल्या सरीतलं एकेक वाळलेलं ढेकूळ दोन ग्लास पाण्यात सोडावं, कुठलं आधी विरघळून पाण्याचा चिखल होतो ते शेतकरी स्वतःच बघतो. लोखंडी सळी खुपसून नांगराच्या तासाखालचा कडक थरही असाच दाखवता येतो.

माती परीक्षण करावंच, नमुना शेणखताच्या ढिगाजवळचा किंवा बांधाकडचा नको, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात तर अजिबात भरू नये. २०१५ पासून मृदा आरोग्य कार्ड मिळतंय, त्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, जस्त वगैरे १२ गोष्टी असतात. पण माती किती वाहून गेली हे त्या कार्डावर कुठंच नसतं. त्यासाठी उताराच्या रानात मे महिन्यात चार-पाच सळ्या जमिनीबरोबर ठोकायच्या आणि दिवाळीला किती उघड्या पडल्या ते पट्टीनं मोजायचं. सगळीकडं सरासरी एक सेंटिमीटर दिसली तर हेक्टरी १०० घनमीटर माती गेली, म्हणजे ३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि ब्रासचा भाव काय चाललाय हे गावात कुणाला सांगावं लागत नाही.