घटनेतला ‘लेखी’ हा शब्द कुठून आला?

राज्यघटनेचं ३५२ वं कलम आज उघडून पाहिलं तर त्यात एक अट आहे: केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. मूळ घटनेत ही अट नव्हती. ती १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आली, आणि ती का आली हे समजायचं तर २५ जून १९७५ च्या रात्रीकडे जावं लागतं.

१२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी राज नारायण यांच्या याचिकेवर इंदिरा गांधींची रायबरेलीतली निवड रद्द ठरवली. २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगिती दिली. दुसऱ्याच रात्री ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन तयार केलेल्या कागदावर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. मंत्रिमंडळाला हे कळलं २६ च्या सकाळी, तेव्हा जयप्रकाश नारायण आणि मोरारजी देसाई अटकेत होते आणि दिल्लीतल्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडलेली होती. रस्त्यावर रणगाडे उतरले नाहीत. जे झालं ते कलमांचा आधार घेऊन झालं, म्हणूनच ते इतकं धोक्याचं होतं.

मिसा, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा, आणि भारत संरक्षण नियम यांखाली लाखावर माणसं तुरुंगात गेली. आमच्या महाराष्ट्रात येरवडा आणि नाशिकचे तुरुंग राजकीय कैद्यांनी भरले. सेन्सॉरशिप आली. तरी दारं सगळी बंद झाली नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, म्हणजे केंद्र सरकारातला मंत्रीच समोर. तिथे अध्यक्षा दुर्गा भागवतांनी जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला सांगितलं आणि लेखणीवरच्या बंधनांचा उघड निषेध केला. पुढे त्यांनाही अटक झाली.

मिनू मसानी यांच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. फेब्रुवारी १९७६ च्या निकालात न्यायमूर्ती मादन आणि कनिया यांनी स्पष्ट लिहिलं की सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे. स्थानबद्धांच्या बाबतीतही नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात आपलं नागपूर खंडपीठही आलं, दाद मागण्याचा हक्क मान्य केला होता.

घात झाला तो वरच्या पायरीवर, सर्वोच्च न्यायालयात. स्थानबद्धांना आणीबाणीत कोर्टात दाद मागता येते का, हा प्रश्न तिथे जबलपूर प्रकरण म्हणून आला. त्याच्या सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारलं, वैयक्तिक वैरातून पोलिसाने कुणाचा जीव घेतला तरी दाद नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, अशा अर्थाचं उत्तर अॅटर्नी जनरल नीरेन डे यांनी दिलं. २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलली. एकट्या खन्नांनी विरोध नोंदवला. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून त्यांच्या जागी न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. एवढी किंमत मोजणारा न्यायाधीश आपल्या इतिहासात विरळाच.

मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून सरकार उलथवलं. नंतरची ४४ वी दुरुस्ती वाचताना एकेक जखम ओळखता येते. ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं. महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी लागू लागली. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या २१ व्या कलमासाठी कोर्टात जाण्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येणार नाही, असं ठरलं.

जबलपूरचा निकाल मात्र कागदावर तसाच राहिला. त्या चौघांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्कावरच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो अखेर रद्दबातल ठरवला. त्या निकालपत्रातला मुख्य भाग लिहिला होता त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी.