तीन संसार केलेली गाडी

‘आमचे ओले सेन्बे विकत घ्या. गाडी दुरुस्तीचे पैसे उभे करायलाच हवेत.’ अशा अर्थाची विनवणी नोव्हेंबर २००६ मध्ये जपानच्या एका रेल्वे कंपनीने आपल्या संकेतस्थळावर टाकली. सेन्बे म्हणजे तांदळाच्या पिठाची भाजलेली जाड चकती. एरवी ती कुरकुरीत असते. भाजल्याबरोबर सोया सॉसमध्ये बुडवली की मऊ, चिवट होते. ती ही ‘ओली’. रेल्वेला जोडधंदा म्हणून कंपनीने १९९५ पासून हे सेन्बे विकायला घेतले होते. विनवणी वाचून देशभरातून मागण्यांचा पाऊस पडला, गाड्या कारशेडमध्ये गेल्या आणि पुन्हा रुळावर आल्या.

ही कंपनी म्हणजे चोशी विद्युत रेल्वे. टोकियोच्या पूर्वेला, चिबा प्रांताचं एक टोक समुद्रात घुसलंय, तिथली. एकूण मार्ग ६.४ किलोमीटर, स्थानकं दहा. आपल्याकडे दादर ते कुर्ला एवढं अंतर.

दुरुस्ती म्हटलं की काहीतरी मोडलं असेल असं वाटतं. तसं नव्हतं. मुदत भरत आली होती. जपानमध्ये विजेच्या प्रवासी गाडीला ठराविक काळाने तपासणीला बसावंच लागतं. दर तीन महिन्यांच्या आत एक तपासणी. दर चार वर्षांनी किंवा ६ लाख किलोमीटर झाले की, जे आधी होईल तेव्हा, मोटर, ब्रेक, चाकं असे महत्त्वाचे भाग सोडवून पाहायचे. आणि दर आठ वर्षांनी अख्खी गाडी खोलायची. आपल्या रेल्वेतली माणसं ज्याला पीओएच (ठराविक मुदतीने होणारी पूर्ण दुरुस्ती) म्हणतात, त्याच जातीचं हे काम. डबा उचलून घेतात, खालचे चाकांचे गाडे वेगळे करतात, तारा, झडपा, बेअरिंग सगळं तपासतात. खर्च मोठा, आणि तो टाळता येत नाही. म्हणून जपानी गाडी कधी निवृत्त होणार याचा अंदाज बांधायचा असेल तर तिचं वय विचारण्यापेक्षा पुढची मोठी तपासणी कधी आहे ते विचारावं. बऱ्याच गाड्या या तारखेच्या थोडं आधीच थांबतात. हिशेबवहीत विजेच्या गाडीचं आयुष्य १३ वर्षं धरतात. त्या आकड्याचा रुळावरच्या आयुष्याशी फारसा संबंध नाही.

चोशीनेच २०१० मध्ये जी गाडी आणली तिची कुंडली बघण्यासारखी आहे. ती १९५९ ते १९६२ या काळात टोकियोच्या पश्चिम उपनगरांत धावणाऱ्या केइओ रेल्वेसाठी बांधलेल्या गाड्यांपैकी. तिथे माणसांनी गच्च भरून धावली. १९८०च्या दशकात शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा शहरातल्या इयो रेल्वेने या गाड्या घेतल्या. आणि पन्नाशीला आल्यावर ती चोशीला आली. तीन शहरं, तीन संसार.

यातली प्रत्येक बदली म्हणजे एक शस्त्रक्रिया असते. केइओच्या मुख्य मार्गावर दोन रुळांमधलं अंतर १३७२ मिलिमीटर. इयोचं आणि चोशीचं १०६७. म्हणजे डबा तोच, पण त्याखालचे चाकांचे गाडे दुसरे बसवावे लागले. (या गाड्यालाच रेल्वेत बोगी म्हणतात, आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणून टाकतो.) केइओच्या तारेत १५०० व्होल्टचा दाब, चोशीच्या तारेत ६००. म्हणजे विजेची यंत्रणाही बदलली. शिवाय गाव लहान, सहा-आठ डब्यांची गरज नाही, म्हणून दोन डब्यांचा जोड करायचा. मधल्या डब्याला चालकाची खोलीच नसते, ती नव्याने बांधावी लागते. मात्सुयामात तसंच केलं गेलं. त्यामुळे चोशीच्या या गाडीला दोन टोकांना दोन वेगळे चेहरे होते. एका बाजूने पाहिलं तर दोन मोठ्या काचांचं, साठ सालचं गोलसर तोंड. दुसऱ्या बाजूने सपाट, मधोमध दार असलेलं. जिथे चेहरा नव्हता तिथे नंतर दिलेला चेहरा तो.

मग या गाडीत ‘तीच गाडी’ म्हणावं असं उरलं काय? डब्याचा सांगाडा.

आणि सांगाडा फार टिकतो. पोलादी डब्याचा खरा शत्रू पाणी. दाराच्या चौकटीत, खिडकीच्या खालच्या कडेला, फरशीखाली पाणी साचतं आणि तिथून गंज धरतो. समुद्राकाठी तर खारा वारा अजून घाई करतो. पण पत्रा कापून नवा जोडता येतो, रंग पुन्हा मारता येतो. स्टेनलेस स्टीलच्या डब्याला तेवढंही लागत नाही. जपानचा पहिला पूर्ण स्टेनलेस डबा टोक्यू कंपनीने अमेरिकेतल्या बड कंपनीच्या परवान्याने १९६२ मध्ये रुळावर आणला, ७००० मालिका. टोकियोतून निघाल्यावर यातले काही डबे उत्तरेला आओमोरी प्रांतातल्या कोनान रेल्वेकडे गेले आणि सफरचंदाच्या बागांमधून, हिवाळ्यात कमरेएवढ्या बर्फातून धावत राहिले. याच रेल्वेवर ऑगस्ट २०२३ मध्ये एक गाडी रुळावरून घसरली. त्यानंतर तपासताना रूळच मर्यादेपलीकडे झिजल्याचं आढळलं आणि काही काळ सगळी वाहतूक थांबवावी लागली. साठ वर्षांचा डबा धडधाकट, आणि त्याच्याखालची वाट थकलेली.

म्हणजे गाडी म्हातारी होते ती वर नाही, खाली. फरशीखाली.

तिथे काय असतं ते समजायला मुंबईच्या जुन्या लोकल आठवाव्यात, कारण त्याही १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर), याच पद्धतीने चालत. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. गाडी सुटताना खालून खट्, खट्, खट् असे टप्प्याटप्प्याने आवाज यायचे आणि दर आवाजाला बारीकसा हिसका बसायचा. माझ्या पिढीच्या अंगात तो हिसका मुरलेला आहे. उभं राहून पेपर वाचताना पाय आपोआप त्याच्या तयारीत असत.

तो हिसका असा यायचा. डीसी मोटर फिरू लागली की ती स्वतःच आलेल्या विजेविरुद्ध उलटा दाब तयार करते. जितका वेग जास्त, तितका हा उलटा दाब जास्त, आणि तितकी वीज कमी आत शिरते. पण गाडी उभी असताना मोटर फिरतच नसते, उलटा दाब शून्य. अशा वेळी तारेतला सगळा दाब तिच्यावर सोडला तर प्रचंड प्रवाह शिरून ती जळेल. म्हणून मध्ये लोखंडाचे मोठाले रोधक घालतात. सुरुवातीला सगळे रोधक वाटेत. वेग वाढला की एक काढला, मग दुसरा, मग तिसरा. फिरणाऱ्या दांड्यावरचे उंचवटे एकेक स्विच उघडत-मिटत जातात. प्रत्येक खट् म्हणजे एक रोधक वाटेतून गेला. रोधकात अडलेली वीज उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. साध्या जोडणीत, वेग घेतानाच्या काळात ओढलेल्या विजेतली जवळपास निम्मी अशी जाते. मोटरी आधी एकामागे एक आणि मग समांतर जोडून हे नुकसान कमी करतात, पण संपत नाही. याशिवाय मोटरीच्या आत कार्बनचे ब्रश सतत घासत असतात. ते झिजतात, त्यांची काळी भुकटी साचते, कुणीतरी खाली वाकून ती साफ करायची, ब्रश बदलायचे.

उधळी आणि मळकट अशी ही यंत्रणा, पण तिच्यात एक मोठा गुण आहे. ती डोळ्यांना दिसते. स्विचचं टोक जळलं तर दिसतं, कानशीने घासता येतं. भाग मिळाला नाही तर चांगला कारागीर तो लेथवर करून देतो. त्यामुळे लहान गावच्या चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये १९५०-६० सालच्या गाड्या पन्नास-साठ वर्षं चालल्या.

नंतर आल्या त्या गाड्यांमध्ये हा दिसण्याचा गुण गेला. इन्व्हर्टर आले, डीसीची तीन फेजची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, करून देणारे. मोटरीतले ब्रश गेले, देखभाल खूप कमी झाली, वीज वाचली. ब्रेक मारताना मोटर जनित्र होऊन वीज तारेत परत पाठवू लागली. (ही वीज तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा जवळपास दुसरी एखादी गाडी ती ओढून घेत असेल. टोकियोत असतेच. सहा किलोमीटरच्या मार्गावर एकदोनच गाड्या असतील तर घेणार कोण? मग पुन्हा साधा ब्रेक.) पण १९८०-९०च्या दशकांतल्या इन्व्हर्टरमधले जीटीओ नावाचे अर्धवाहक (वीज झटपट चालू-बंद करणारे स्विच) आता बाजारातून गेले आहेत. सर्किट बोर्ड बनवणारे थांबले. कॅपॅसिटर वापरात नसले तरी आतून सुकतात. बोर्ड बिघडला तर कानस चालवून उपयोग नसतो. म्हणून असं उफराटं दृश्य दिसतं: १९६० सालची गाडी दुरुस्त होऊ शकते आणि १९९० सालची, डबा चकचकीत असूनही, पूर्ण यंत्रणा बदलल्याशिवाय पुढे चालवता येत नाही. टोकियोच्या मोठ्या कंपन्यांना तो खर्च झेपतो. गावाकडच्या कंपनीला दोन डब्यांसाठी तो कसा झेपावा? माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे, लोखंडाच्या वयात नाही.

नागानो शहराकडे पाहू. टोकियोच्या हिबिया भुयारी मार्गावर १९६१ पासून ३००० मालिकेच्या गाड्या धावत. १९८८ पासून त्यांची जागा ०३ मालिका घेऊ लागली. तेव्हा १९९३ पासून जुन्या गाड्या डोंगराळ नागानोत गेल्या. नागानो विद्युत रेल्वेचा शहरातला भाग जमिनीखालून जातो, आणि भुयारात धावणाऱ्या गाडीला आगीबाबतचे नियम कडक असतात. मेट्रोची गाडी मुळात त्यासाठीच बांधलेली. फरक एवढाच की एकेकाळी टोकियोच्या बोगद्यांतून धावणारी गाडी आता हिमाच्छादित शिखरांकडे तोंड करून जाऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये तीही थांबली. तिची जागा घेतली २०२० पासून येत गेलेल्या गाड्यांनी, आणि त्या होत्या हिबियाच्याच ०३ मालिकेच्या. टोकियोत जिने तिला बाजूला केलं, तिनेच तीसेक वर्षांनी नागानोतही केलं.

०३ मालिकेवर गावोगावच्या रेल्वेंची उडी पडली, त्याला कारण तिची लांबी. टोकियोच्या बहुतेक गाड्यांचे डबे २० मीटरचे, बाजूला चार दारं. गावाकडची वळणं तीव्र, फलाट आखूड, पूल जुने. तिथे १८ मीटरचा, तीन दारांचा डबा लागतो, आणि असे डबे मोठ्या शहरांत आता थोड्याच मार्गांवर उरलेत. हिबियावरच नव्या गाड्या २० मीटरच्या आल्या. त्यात सेइबुसारख्या टोकियोच्या मोठ्या कंपनीनेही टोक्यू आणि ओदाक्यूच्या जुन्या इन्व्हर्टर गाड्या विकत घ्यायचं ठरवलं, नव्या बांधण्यापेक्षा पोलाद आणि वीज दोन्ही वाचतं म्हणून. विचार चांगलाच आहे. पण जुन्या बाजारात थोरला भाऊ उतरला की धाकट्याच्या वाट्याला काय येणार, ही काळजी मला वाटते.

जिथे ओव्हरहेड वायरच नाही तिथली गोष्ट थोडी वेगळी. राष्ट्रीय रेल्वेने १९७७ ते १९८२ मध्ये किहा ४० घराण्यातले ८८८ डिझेल डबे बांधले. छत्तीस-सदतीस टनांचा डबा आणि २२० अश्वशक्तीचं एकच इंजिन, म्हणजे टनामागे जेमतेम सहा अश्वशक्ती. चढावर ती धापा टाकत जायची, पण मजबूत. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचं विभाजन झाल्यावरही हीच गाडी होक्काइदोपासून क्यूशूपर्यंत शाळकरी मुलांना आणि दवाखान्यात निघालेल्या आज्यांना नेत राहिली. आता निगाता भागात २०१९ पासून आणि होक्काइदोत २०२० पासून ज्या गाड्या आल्या, त्यांत डिझेल इंजिन चाकं फिरवतच नाही. ते फक्त वीज बनवतं. चाकं फिरवते विजेची मोटर. गिअर आणि फिरते दांडे गेले, आणि खाली जे उरलं ते विजेच्या गाडीसारखंच. वर्कशॉपमध्ये दोन वेगळ्या विद्या जाणणारी माणसं ठेवावी लागत नाहीत. जिथे तरुण हातच कमी, तिथे हे इंधनाइतकंच मोलाचं आहे.

शेवटच्या फेरीला फलाट भरून जातो. जपानीत तिला ‘रासुतो रान’ म्हणतात, गाडीच्या तोंडावर आभाराची गोल पाटी लावतात, आणि अशा निरोपाला आवर्जून येणाऱ्या छायाचित्रकारांना ‘सोशिकी-तेत्सु’ म्हणतात, म्हणजे अंत्ययात्रेला येणारे रेल्वेवेडे. नावात टोमणा आहे. पण त्या गर्दीत कुठेतरी त्याच गाडीने शाळेत गेलेली माणसंही उभी असतात.

चोशीत मार्च २०२४ मध्ये पुन्हा ‘नवी’ गाडी आली. ती मूळची ओसाकाच्या नानकाई रेल्वेची, १९६९च्या सुमाराला कोया डोंगराच्या चढासाठी बांधलेल्या मालिकेतली. तिचेही १५०० व्होल्ट उतरवून ६०० केले. मार्गाच्या शेवटच्या तोकावा स्थानकावर तिची एक पूर्वज उभी आहे, १९५० साली बांधलेली, देहा ८०१. आणि वाटेतल्या इनुबो स्थानकावर ओले सेन्बे अजून मिळतात. हवं तर जाळीवर स्वतःच्या हाताने भाजून, गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवून.