आधी चिठ्ठी, मग चर्चा

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांच्या गटाला अध्यक्ष निवडायचा आहे, आणि त्याआधी माणूस कसा हवा यावर एकमत करायचं आहे, असं धरू. बैठकीत पहिल्यांदा बोलतो तो बहुधा वयाने किंवा जमिनीने मोठा. तो 'धडाडी' म्हणाला की बाकीच्यांची गाडी त्याच रुळावर जाते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ साली मांडलेल्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखायची होती, उत्तर डोळ्यांपुढे होतं. तरी आधीचे सगळे ठरवून चुकीचं बोलले तेव्हा पुढच्या माणसांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं तशीच चुकली. नेत्याचे गुण मोजायला तर पट्टीही नाही.

यावरची एक पद्धत व्यवस्थापनाचे अभ्यासक आंद्रे डेल्बेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ साली मांडली. पाच ते नऊ जण बसवा. माणसं जास्त असतील तर दोन गट करा. पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं. मग पाळीपाळीने एकेकाने एकच गुण सांगायचा आणि तो फळ्यावर त्याच्याच शब्दांत जायचा. यादी संपेपर्यंत टीका नाही.

त्यानंतरचा अर्थ लावण्याचा टप्पा लोक घाईने उरकतात, आणि घोळ होतो तो इथेच. 'प्रामाणिक' शब्दाला सात माना डोलतात, पण सातांच्या मनात सात गोष्टी असतात. म्हणून गुण कामाच्या भाषेत लिहा: 'दर महिन्याचा हिशेब सगळ्यांसमोर वाचतो', 'व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला तर कापणी थांबवायला सांगतो'. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सिंचनात, पाणी वाटायला पाटकरी आणि पिकाची राखण करायला जागल्या अशी वेगळी माणसं असत. काम ठरलेलं असलं की त्यासाठी कोणता गुण हवा हे शोधायला सोपं जातं. एकाच अर्थाच्या ओळी एकत्र करा, नाहीतर मतं विभागून दोन्ही मागे पडतात. मात्र ज्यांनी त्या लिहिल्या त्यांची संमती घ्या. नाहीतर पाच गोष्टी एका मोठ्या शब्दात कोंबल्या जातात आणि तोच शब्द जिंकतो.

शेवटी प्रत्येकाने गुपचूप यादीतले पाच गुण निवडून त्यांना ५ ते १ मार्क द्यायचे, सगळ्यांत महत्त्वाच्याला ५. बेरीज करा, पण बेरजेवर थांबू नका. समजा सात जणांत 'कापणी थांबवण्याची हिंमत' याला चौघांनी ५ दिले, तिघांनी काहीच नाही: २०. 'हिशेब उघडा' याला सहांनी ३ आणि एकाने २: तेही २०. दुसऱ्यावर एकमत आहे, पहिल्यावर गट दुभंगलेला आहे. म्हणून बेरजेशेजारी किती जणांनी मार्क दिले तो आकडाही लिहा.

दुभंगलेल्या ओळीवरच पुन्हा चर्चा करा. शून्य देणाऱ्यांना कारण विचारा. 'थांबवलेला माल पिकून गेला तर नुकसान कोणाचं?' अशी खरी शंका तिथेच बाहेर येते. मग दुसऱ्यांदा गुपचूप मार्क द्या. तरीही फूट कायम राहिली तर ते काम अध्यक्षाकडे न देता सौदा करणाऱ्या वेगळ्या माणसाकडे सोपवा.