ध्यानाच्या वर्गाला येण्याआधी

चौकशीला येणारे बहुतेक जण विचारतात, "मन कधी लागेल?" आम्ही उलट विचारतो, "मांडी घालून किती वेळ बसवतं?" ऑफिसात खुर्ची, घरी सोफा, जेवायला टेबल. जमिनीवर बसणं होतं ते एखाद्या पंगतीत, तेही वरणभातापर्यंत पाय अवघडतात. अशा पायांना एकदम वीस मिनिटं बसवलं की सगळं ध्यान गुडघ्यातच!

म्हणून आमच्या ६ आठवड्यांच्या वर्गात पहिले २ आठवडे नुसती बैठक शिकवतो. "आम्ही ध्यानाचे पैसे भरले आणि तुम्ही चादरीच्या घड्या घालायला लावता," असं ऐकून घ्यायची सवय आहे आम्हाला. पतंजलींची आसनाची व्याख्या एवढीच आहे: स्थिरसुखमासनम्. स्थिर हवं, सुखाचं हवं. पद्मासनच घाला असं तिथे म्हटलेलं नाही.

आता घडीबद्दल. घरातली घोंगडी किंवा जाड सोलापुरी चादर आणा. तिची चौपदरी घडी घाला आणि मधोमध न बसता पुढच्या कडेवर बसा. बूड उंच, गुडघे त्याहून खाली. मग एक हात मागे नेऊन कमरेवर ठेवा. कणा बाहेर फुगलेला लागला तर आणखी एक पदर वाढवा. हाताला हलकासा खळगा लागला की बैठक जमली. गीतेतही आसन फार उंच नको, फार खाली नको असंच सांगितलंय. तिथे दर्भ, मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडं, आणि वस्त्र आहे. आपण वस्त्रावर भागवू, मृगाजिन आणलंत तर वनखातं दारात येईल. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी सरळ खुर्ची घ्यावी, तळपाय जमिनीला टेकवावेत. त्यात कमीपणा नाही.

तिसऱ्या आठवड्यात अनुलोम-विलोम, तोही श्वास न कोंडता. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, या वर्गात शिकवत नाही.

त्यानंतर सोहम्. श्वास आत जाताना 'सो', बाहेर येताना 'हम्'. याला अजपाजप म्हणतात, कारण हा जप करायचा नसतो. चाललेलाच असतो, तो ऐकायचा. हठयोगाच्या परंपरेत दिवसरात्रीचे २१,६०० श्वास धरलेत, म्हणजे मिनिटाला १५. ही नाथपंथाची वाट आपल्याला परकी नाही. गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना उपदेश केला तो आपल्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, अशी परंपरा आहे, आणि पुढे ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाला 'पंथराज' म्हटलं.

यात चूक सगळ्यांची एकच होते. श्वासाकडे लक्ष गेलं की तो फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ होतो, मग माणूस तो ओढायला लागतो. ओढू नका. लक्ष गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे गेलं, तर गेलं. पुढच्या 'सो'ला परत या. चित्त एका जागी बांधणं म्हणजे धारणा, आणि ते तिथेच अखंड वाहू लागलं की ध्यान. खरं सांगायचं तर ६ आठवड्यांत तुमच्याकडून होईल ती बरीचशी धारणाच. फलकावर आम्ही 'ध्यानवर्ग' लिहिलंय, कारण 'धारणावर्ग' वाचून कुणी आत येत नाही.

सकाळचा वर्ग ६ वाजता, रिकाम्या पोटी. अर्धा तास आधी अर्धा कप चहा चालेल. रविवारची मिसळ वर्गानंतर. आधी खाऊन आलेल्यांचा सोहम् शेजाऱ्याला ऐकू येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग आहे, त्याआधी जेवण झालं असेल तर ३ तास जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत शाल आणि पायमोजे आणाच, बसल्यावर नाशिकची थंडी दुप्पट लागते.

बीपी-शुगरच्या गोळ्या आमच्या भरवशावर बंद करू नका. मनाच्या आजारावर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बसल्यावर घाबरल्यासारखं झालं तर डोळे उघडा आणि आम्हाला सांगा, दडपून बसू नका.

घरी रोज १० मिनिटं, तीच वेळ, तोच कोपरा. मोबाइल सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीत.

पहिले २ दिवस बसून बघा, जमतंय वाटलं तर तिसऱ्या दिवशी फी भरा. दार पावणेसहाला उघडतं आणि ६ ला आतून कडी लागते. उशीर झाला तर बेल वाजवू नका, दुसऱ्या दिवशी या.